‘जिनिंग’मधला जिन कोणता? इंजिनातला, दारूतला की बियाण्यातला?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. वेचणीनंतर कापसाची काळजी कशी घ्यावी, या विषयावरच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचं मराठी करतो आहे. वाचणारे शेतकरी चोपडा, धरणगाव, पारोळा, शिंदखेडा या पट्ट्यातले. रुई (सरकी काढलेला कापूस), सरकी (कापसाचं बी), उतारा (शंभर किलो कापसातून निघणारी रुई), कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) हे शब्द त्यांना समजावून सांगायची गरज नाही. गाडी अडते ती ‘जिन’, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र, या शब्दापाशी.

इंग्रजी कोशात त्याच स्पेलिंगखाली दारू आहे, फासा आहे, वजन उचलायची तिकाटी आहे आणि कापसाचं यंत्रही आहे. हा एकच शब्द आहे की एकाच रूपाचे वेगवेगळे शब्द? पत्रकात पुढे बीटी बियाण्याचा ‘जीन’ही येतो. एकाच पानावर दोन्ही आले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. आणखी एक. आपल्याकडे ‘जिनिंगला आग लागली’, ‘माल जिनिंगवर नेला’ असं सर्रास म्हणतात. इंग्रजीत कारखान्याला ‘जिनिंग’ म्हणतात का? पत्रकात ‘कॉटन’ हा शब्द कधी कापसासाठी येतो, कधी रुईसाठी. ते ओळखायचं कसं?

एकाने सांगितलं की हा शब्द अरबी ‘जिन्न’वरून आला, कारण यंत्र एकटंच शंभर माणसांचं काम करतं. दुसऱ्याचं म्हणणं, जीन्सची पँटही याच शब्दातून निघाली. दोन्ही पटलं नाही, पण खोडून काढायला आधार हवा.

शब्दपारखी

तापीकाठ भाऊ, उत्तर तुमच्या शीर्षकातच आहे. ‘इंजिन’मधलं ‘इं’ गळालं की ‘जिन’ उरतो. यात लाक्षणिक काही नाही, शब्द खरोखरच तसा झाला आहे.

लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी, अंगचा गुण. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंजँ’ झाला आणि अर्थ सरकत गेला: बुद्धी, मग चातुर्य, मग क्लृप्ती, मग क्लृप्तीने बनवलेली वस्तू. इंग्रजीत तो दोन रूपांनी आला. पूर्ण रूपाचं ‘इंजिन’ झालं. आघात नसलेला पहिला स्वर बोलताना गळाला, त्याचं ‘जिन’ झालं. ही गळती इंग्रजीत नेहमीची आहे: ‘डिफेन्स’वरून ‘फेन्स’, ‘अक्यूट’वरून ‘क्यूट’. आपल्याकडेही तेच घडलं आहे. ‘अरण्य’चं ‘रान’ झालं, आणि विहिरीवरच्या ‘अरघट्ट’चा ‘रहाट’ झाला. रहाटसुद्धा यंत्रच, आणि तोंडचा स्वर त्यानेही टाकला.

बुद्धीवरून यंत्र हा प्रवासही मराठीला परका नाही. ‘कला’वरून आपण ‘कळ’ केली. कळ म्हणजे युक्तीही आणि यंत्राचा भागही, म्हणून कळसूत्री बाहुली.

आता कोशातले अर्थ. फासा किंवा सापळा, वजन उचलायची तीन पायांची तिकाटी, खाणीत घोड्याने फिरवायचं चाक आणि कापसाचं यंत्र, हे सगळे एकाच घरचे. प्रत्येकात ‘युक्तीची वस्तू’ हा मूळ अर्थ टिकून आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘जिन’ सापळ्याच्या अर्थाने अनेकदा येतो. तिथे कापसाचं यंत्र समजून भाषांतर केलं तर वाक्याचा पार चुराडा होईल. लोखंडी जबड्याच्या सापळ्याला इंग्लंडमध्ये पुढेही ‘जिन ट्रॅप’ म्हणत राहिले. तिथे १९५८ पासून त्यावर बंदी आहे.

दारूचा ‘जिन’ मात्र परक्या घरचा. जुनिपर नावाच्या झुडपाची फळं घालून ती दारू करतात. जुनिपरचं लॅटिन नाव ‘जुनिपेरस’. त्यावरून जुनी फ्रेंच, तिथून डच ‘येनेव्हर’. इंग्रजांनी त्याचं ‘जिनिव्हा’ केलं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचाही ‘जिन’ उरला. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराशी संबंध नाही, नुसतं उच्चाराचं साम्य. गंमत बघा, यंत्राच्या शब्दाने डोकं गमावलं आणि दारूच्या शब्दाने शेपूट, म्हणून दोघे एकसारखे दिसतात. कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात, वर बारीक १, २ असे आकडे असतात. ते आकडे पाहिल्याशिवाय अर्थ उचलू नये.

वाघूर

बीटीच्या ‘जीन’बद्दल. हा शब्द १९०९ साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने रूढ केला. मूळ ग्रीक ‘गेनोस’, म्हणजे कुळ, जन्म. आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हा: शब्दपारखींनी सांगितलेल्या ‘इंजेनियम’च्या पोटातही तीच धातू आहे, ‘इन’ अधिक ‘जेन’, आत जन्मलेलं ते. संस्कृतातली ‘जन्’ धातू त्यांचीच बहीण. म्हणजे कापसाचा जिन, बियाण्यातला जीन आणि आपले जन्म, जाती, प्रजा हे सगळे दूरचे भाऊबंद निघतात.

पत्रकाच्या दृष्टीने मात्र नातं बाजूला ठेवा आणि ‘जीन’ लिहूच नका. मराठीत ‘जनुक’ हा शब्द आहे, शाळेच्या पुस्तकांत रुळला आहे, आणि तोही ‘जन्’वरूनच केलेला. ‘बीटी जनुक’ लिहिलं की प्रश्न संपला.

एक वाक्य मुद्दाम घाला. जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी झाली की जनुक जातं सरकीबरोबर. रुई जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असते. आणि संकरित बियाण्याच्या कापसाची सरकी जिनवरून आणून पुन्हा पेरू नये. पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडं एकसारखी येत नाहीत, काहींत बोंडअळीविरुद्धचं जनुक उतरतच नाही.

शोधाचं श्रेयही द्या: कॉटन जिन १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने शोधला. आपल्या जिनिंगचा तोच मूळपुरुष.

रुई_सरकी

वाघूर दादा, शेवटच्या दोन वाक्यांशी सहमत नाही. हीच चूक सगळीकडे छापली जाते, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिटनीने १७९३ साली यंत्र केलं आणि १४ मार्च १७९४ ला त्याला पेटंट मिळालं, इथपर्यंत बरोबर. त्याच्या यंत्रात तारेचे दात बसवलेला दंडगोल होता. दात कापसात घुसून तंतू ओढायचे, पुढच्या फटी सरकीपेक्षा अरुंद असल्याने सरकी अलीकडे अडायची, आणि मागचा ब्रश दातांवरची रुई झाडून काढायचा. पुढे तारेच्या जागी गोल करवती आल्या. हा झाला सॉ जिन. अमेरिकेत मुख्यतः हाच चालतो.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बहुतेक ठिकाणी चालतो तो डबल रोलर, म्हणजे डी.आर. जिन. त्याचं कूळ वेगळं. अमेरिकेतल्याच फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या रोलर जिनपासून ही ओळ निघते. म्हणजे मूळपुरुष म्हणायचाच तर मॅकार्थीला म्हणा. आणि सरकी वेगळी करण्याची युक्ती त्या दोघांच्याही कितीतरी आधी आपल्याकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका लाटेचं, म्हणजे रोलरचं, सरकी काढायचं साधन रंगवलेलं आहे. नंतर दोन लाटांची हातचरखी आली, तिला इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत ‘चुर्का’ लिहिलं. तेव्हा व्हिटनीने ‘जिन शोधला’ म्हणण्यापेक्षा ‘तारेच्या दातांच्या जिनचं पेटंट घेतलं’ म्हणावं.

डी.आर.चं काम समजलं की पत्रकातले इंग्रजी शब्द आपोआप सुटतात. रोलर म्हणजे दांड्यावर चकत्या घट्ट दाबून केलेली लाट. चकत्या परंपरेने चामड्याच्या. लाटेच्या अंगावर तिरपे खाचे पाडलेले असतात. खडबडीत पृष्ठभागाला तंतू चिकटतात आणि लाट त्यांना आत ओढते. लाटेला टेकून एक स्थिर पातं असतं. तंतू पात्याखालून जातात, सरकी जाऊ शकत नाही, ती काठावर अडते. तेवढ्यात दुसरं, खालीवर हलणारं पातं सरकीला ठोका देऊन तंतूंपासून सोडवतं. सुटलेली सरकी जाळीतून खाली पडते, रुई पलीकडे निघते. इंग्रजीत त्यांना ‘फिक्स्ड नाइफ’ आणि ‘मूव्हिंग नाइफ’ म्हणतात. ‘नाइफ’चं ‘चाकू’ करू नका. ते कापत नाही. एक अडवतं, दुसरं ठोकतं. ‘स्थिर पातं’ आणि ‘हलतं पातं’ पुरे.

बिघाडाचा भाग पत्रकात असेल तर कारण-परिणाम नीट जुळवा. खाचे झिजून लाट गुळगुळीत झाली की तंतू पकडले जात नाहीत, ताशी उत्पादन घटतं. ते वाढवायला स्थिर पातं जास्त दाबलं की लाट तापते, चामडं जळतं, रुईचा रंग जातो. दोन पात्यांमधलं अंतर आणि एकमेकांवर येणं चुकलं की सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात. ते पुढे सूतगिरणीत सूत तोडतात. कापूस ओला असेल तर लाटेभोवती गुंडाळी होते. फार कोरडा असेल तर तंतू तुटतात आणि स्थिर विजेने भागांना चिकटतात. साधारण ८ टक्के ओलावा कामाला बरा. पत्रकात ‘मॉइश्चर’ असेल तिथे ‘ओलावा’ लिहा. ‘आर्द्रता’ लिहिलं की लोक हवेतली समजतात. खडा किंवा लोखंडाचा तुकडा कापसात राहिला तर ठिणगी पडून आग लागते. वेचताना झोळीत खडे, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या गोणीचे धागे येऊ देऊ नका, हे पत्रकात ठळक छापण्यासारखं आहे.

शब्दपारखी

रुई_सरकी यांची दुरुस्ती योग्य आहे. त्यातून वापराचा मुद्दाही निघतो. ‘सॉ-जिन्ड’ आणि ‘रोलर-जिन्ड’ ही इंग्रजीत मालाची विशेषणं आहेत. करवतीवर तंतू थोडे तुटतात आणि बारीक गुठळ्या जास्त होतात, म्हणून लांब धाग्याच्या मालाला ‘रोलर-जिन्ड’ लिहिलेलं असेल तर ती गुणवत्तेची खूण असते. भाषांतरात गाळू नका.

क्रियापद म्हणून रूपं अशी: जिन, जिन्ड, जिनिंग. भूतकाळात आणि ‘इंग’ लागताना ‘एन’ दोनदा लिहायचा, कारण मधला स्वर ऱ्हस्व आहे आणि मागे एकच व्यंजन आहे. एका ‘एन’चं ‘जिनिंग’ हे स्पेलिंग फलकांवर दिसतं, ते चूक.

आता कारखाना. इंग्रजीत ‘जिनिंग’ म्हणजे फक्त क्रिया, सरकी काढणं. कारखान्याला ‘जिनरी’ म्हणतात, अमेरिकेत नुसतं ‘जिन’सुद्धा. ‘जिनिंग फॅक्टरी’ ही भारतीय इंग्रजीतली जुनी जोडी, तीही चालते. चालवणारा तो ‘जिनर’. मराठीत मात्र ‘जिनिंग’ कारखान्याच्या अर्थाने पक्कं रुजलं आहे, त्यात दोष काढायचं कारण नाही. ‘माल जिनिंगवर नेला’ हे चांगलं मराठी आहे. मराठीतून उलट इंग्रजी करतानाच काळजी घ्या: ‘अ फायर ॲट द जिनिंग’ असं लिहू नका, ‘ॲट द जिनरी’ लिहा.

गिरणा_खोरं

जिन की जीन, यावर कोणी बोललं नाही.

मराठी लेखननियमाप्रमाणे अकारान्त शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार दीर्घ: गरीब, वकील. त्यामुळे ‘जीन’ लिहिणाऱ्याला चूक म्हणता येत नाही. पुढे प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: गरिबाला, वकिलाला, तसंच जिनात, जिनवाला. अहिराणीत बोलणारेही ‘जिनमा’ म्हणतात, तिथे ऱ्हस्वच ऐकू येतो. इंग्रजी उच्चारही ऱ्हस्व आहे, आणि जनुकाच्या शब्दाचा दीर्घ. मी ‘जिन’ सगळीकडे ऱ्हस्व ठेवला असता. कोणतंही एक धरा, पण एका पत्रकात दोन्ही नकोत.

संगणकावर शोधताना लक्षात असू द्या: ‘जिन’ टाकलं की जैनांचे जिन आणि जिनालय समोर येतात. तो संस्कृत शब्द, ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूचा, आणि तत्सम असल्यामुळे ऱ्हस्वच. ‘जीन’ टाकलं तर घोड्यावरचं जीन, म्हणजे खोगीर, येतं. ते फारसी ‘झीन’वरून. दोघांचाही कापसाशी काही संबंध नाही.

जीन्स: इटलीतल्या जिनोआ बंदराचं फ्रेंच नाव ‘झेन’. तिथल्या जाड कापडावरून इंग्रजीत ‘जीन’ हे कापडाचं नाव सोळाव्या शतकातच होतं, व्हिटनीच्या दोनशे वर्षं आधी. त्यामुळे पँट जिनमधून निघणं शक्य नाही.

शब्दपारखी

आणि जिन्न. मूळ अरबी धातूचा अर्थ झाकणं, लपणं. जिन्न म्हणजे नजरेआड राहणारा. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ युक्ती आणि सापळ्याच्या अर्थाने फ्रेंचमधूनच आलेला आहे, मधल्या सगळ्या पायऱ्या लेखी सापडतात. अरबीला तिथे जागाच नाही. इंग्रजीतला ‘जीनी’ मात्र पाहण्यासारखा आहे: अरबी कथांचं फ्रेंच करताना ‘जिन्नी’ला उच्चाराने आणि अर्थाने जवळचा म्हणून ‘झेनी’ हा फ्रेंच शब्द लावला, आणि तो लॅटिन ‘जिनियस’चा, म्हणजे पुन्हा त्याच ‘जन्’च्या कुळातला.

रुई_सरकी

‘कॉटन’चा प्रश्न राहिला, आणि पैशाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. शब्द चुकला तर आकडा तिपटीने चुकतो.

‘सीड कॉटन’ किंवा ‘कपास’ असेल तर तो सरकीसकट कापूस. ‘लिंट’ किंवा ‘जिन्ड कॉटन’ म्हणजे रुई. नुसतं ‘कॉटन’ असेल तर शेजारचं एकक पाहा. क्विंटल असेल आणि शेतकऱ्याच्या विक्रीचा विषय असेल तर बहुधा कापूस. ‘कँडी’ किंवा ‘बेल’ (गाठ) असेल तर नक्की रुई. हा ‘कँडी’ म्हणजे आपली खंडीच, इंग्रजांनी आपल्याकडून उचललेला शब्द. गोळी-चॉकलेटचा ‘कँडी’ वेगळा, तो संस्कृत ‘खंड’वरून अरबीमार्गे गेला. रुईची खंडी ३५६ किलोची धरतात, आणि आपल्याकडची गाठ १७० किलोची. अमेरिकेची गाठ ४८० पौंडांची, सुमारे २१८ किलो. परदेशी आकडे ‘गाठी’ म्हणून जसेच्या तसे उतरवू नका.

हिशेब करून दाखवतो, आकडे फक्त उदाहरणासाठी. उतारा ३४ धरला तर १०० किलो कापसातून ३४ किलो रुई, अंदाजे ६४ किलो सरकी आणि २ किलो घट. म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो. भाषांतरात ‘१७० किलो कापसाची गाठ’ लिहिलं तर शेतकरी विचारेल, एवढ्यात गाठ होते कशी? एवढ्या कापसातून ५८ किलोच्या आसपास रुई निघते.

भाव पाहा. रुई खंडीला ५६,००० रुपये असेल तर भागिले ३५६, किलोला सुमारे १५७ रुपये. ३४ किलोचे ५,३४८. सरकी ३० रुपये किलो धरली तर ६४ किलोचे १,९२०. दोन्ही मिळून ७,२६८. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि जिनरचा नफा वजा झाला की क्विंटलला परवडणारा भाव मिळतो. उतारा ३४ वरून ३३ वर आला तर रुईचे १५७ रुपये जातात आणि एक किलो सरकीचे ३० वाढतात, म्हणजे क्विंटलमागे साधारण १२७ रुपयांचा फरक. ओल्या आणि कवडी मिसळलेल्या मालाला भाव का तुटतो, ते या एका टक्क्यात दिसतं.

उत्पादकतेचे आकडेही असेच फसवतात. ‘हेक्टरी ४५० किलो लिंट’ म्हणजे भागिले ०.३४, हेक्टरी सुमारे १,३२४ किलो कापूस, भागिले २.४७, एकरी साधारण सव्वापाच क्विंटल. शेतकऱ्याला हा शेवटचा आकडा द्या.

‘लिंट’चा आणखी एक अर्थ: दवाखान्यात जखमेवर बांधायचं मऊ कापड. मूळ शब्द जवसाच्या तंतूंचा, लॅटिन ‘लिनम’च्या नात्यातला, नंतर कापसाला लागला.

तापीकाठ

फार उपयोग झाला. आता एक वाक्य तपासा. मूळ इंग्रजीचा आशय असा: लाँग स्टेपल कॉटन मीडियम स्टेपलपासून वेगळा ठेवावा, वेगळा जिन करावा, आणि जिन ट्रॅश परत मालात मिसळू नये. मी लिहिलं: ‘लांब धाग्याचा कापूस मध्यम धाग्यात मिसळू नये, त्याचं जिनिंग वेगळं करावं, आणि जिनमधला कचरा पुन्हा मालात घालू नये.’

रुई_सरकी

पहिला भाग ठीक. ‘धाग्याचा’ हा शब्द बाजारात चालतो, राहू द्या. कंसात तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये घाला, कारण हमीभाव त्यावर ठरतो: मध्यम २४.५ ते २५.५, लांब २९.५ ते ३०.५. ‘जिन ट्रॅश’ला नुसतं ‘कचरा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झाडलोट येते. त्यात पानांचा चुरा, बोंडाची साल, काड्या, माती आणि अर्धवट तंतू असतात. ‘जिनमधून निघालेला काडीकचरा’ लिहा. आणि ‘वेगळं करावं’ याला ‘आधी लाट आणि जाळी साफ करून’ जोडा. मागच्या मालाची रुई यंत्रात अडकलेली असते, वेगळी पाळी लावूनही पहिल्या गाठीत ती मिसळते.